बाविसावं प्रकरण

आर्डिस हॉगलंड, वय अडुसष्ट,
चर्चमध्ये ऑर्गन वाजवते
आणि वर्षाला एक माणूस मारते.
गेल्या साली धान्याच्या कोठीत पुरला,
त्याआधीचा सरोवराच्या बर्फाखाली,
मासे धरायला पाडलेल्या भोकातून.
मिनेसोटात जागा भरपूर आहे. हिवाळाही.

प्रकाशकाचं पत्रक फ्रिजवर चिकटवलेलं:
रक्त चालेल, बेतानं.
शिवी चालणार नाही.
हातोडा स्वतःच्या अंगठ्यावर बसला तरी
खुन्यानं देवाचं नाव उगाच घ्यायचं नाही.
दुसऱ्याचं डोकं फोडावं, पण तोंड सांभाळून.
आणि बाविसाव्या प्रकरणापर्यंत
त्याला पश्चात्ताप झालेला असावा.

गुरुवारी चर्चच्या तळघरात चौघं जमतात.
व्हर्लिन पूर्वी शेरीफचा डेप्युटी होता,
त्यानं खरी प्रेतं पाहिली आहेत,
म्हणून तो प्रेमकथा लिहितो.
डोरीन लिंबाची वडी मोडत विचारते,
“विषाला चव असते का गं?”
वरच्या मजल्यावर मुलं नाताळच्या गाण्यांची तालीम करतात,
कुणीतरी देवदूत जिन्यात रडत असतो.

सहभोजनाला आर्डिसच्या भांड्यात
पहिला चमचा कुणी घालत नाही.
“तू आधी,” पाळकांची बायको हसून म्हणते,
आणि मग, न हसता,
“एवढी सालस बाई तू, हे सुचतं कुठून?”
आर्डिस म्हणते, अगदी सुरुवातीलाच आहे की.
दोन भाऊ, एक शेत, साक्षीदार माती.
संशयित एकच, विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक,
तरी त्यानं विचारलंच.
खून झाला. मग खूण झाली,
मारणाऱ्याच्याच कपाळावर,
त्याला कुणी मारू नये म्हणून.
हे मला चाळीस वर्षं कळलेलं नाही,
म्हणून लिहिते.
थोडा भात घे.

मार्चमध्ये पत्र आलं. तुरुंगाचा शिक्का,
रेघांचा कागद, बोथट पेन्सिल.

“बाई, इथल्या वाचनालयात तुमची पाच पुस्तकं आहेत.
एकाची शेवटची पानं कुणी फाडलीत,
तेच मला जास्त खरं वाटलं.
तुमचा माणूस बाविसाव्यात रडतो.
पाळक असतो, खिडकीतून ऊन असतं.
मला अकरा वर्षं लागली.
मंगळवार होता, धुलाईखात्यात पाळी होती,
समोर ना पाळक, ना त्या पोराची आई.
मशीन फिरत होतं.
झाल्यावर मी चादरींच्या घड्या घातल्या,
दोनशे दहा.
असं लिहायला परवानगी आहे का?
लायल प्रुइट.”

त्या रविवारी तिसऱ्या कडव्याला
आर्डिसचा पाय चुकीच्या पट्टीवर पडला
आणि तिथेच राहिला.
खालचा जाड सूर भिंतींना लागून घुमत राहिला,
लोकांनी डोळे मिटून घेतले,
त्यांना वाटलं, नवीन काहीतरी आहे.

नंतर तिनं ऊन काढून टाकलं.
पाळकांना सुट्टी दिली.
संपादिकेचा फोन आला, आवाज काळजीचा:
“तो रडतो, बरं. पण क्षमा कोण करतं?
वाचकांना काय हातात द्यायचं?”
“चादरी,” आर्डिस म्हणाली.
तिकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

पुस्तक निघेल की नाही, माहीत नाही.
आगाऊ रक्कम छपराच्या गळतीत गेली,
ती परत मागितली तर पंचाईत आहे.

तिनं लायलला उत्तर लिहिलं, एकच पान.
धीराचं वचन लिहायला घेतलं होतं, खोडलं.
फक्त विचारलं, कारण लिहिताना अडलं होतं,
चादरी पांढऱ्या होत्या का?

तीन आठवड्यांनी कार्ड आलं.
“करड्या.
आधी पांढऱ्या असाव्यात.
शिवणीत पाहिलं की कळतं.”